शून्य पूर्णांक चार

माझे शिपाई निळे चौकोन आहेत.
बहात्तर तास चालतात, डोंगर चढतात
ताशी चार किलोमीटरने, आणि वर पोचले की
पहिल्याच गोळीत नेम.
पुण्याहून ऑफिसचा निरोप आला :
यांना दमव. माणसासारखं.

दाभोळला, धक्क्याच्या वर, बर्फाच्या कारखान्याशेजारी
माझी खोली. खिडकीतून धोपाव्याची फेरीबोट दिसते
आणि तिचा दोर खुंट्याला घालणारे
येलवे हवालदार. सतरा वर्षं पायदळात.
अजून खाकीच, पण बिल्ला जेटीचा.

मी वही घेऊन गेले. विचारलं,
किती तास जागल्यावर नेम चुकतो?
पाठीवर किती किलो झाले की वेग निम्मा?
"नेम शेवटाला चुकतो गो बाय," म्हणाले,
"पयलं मोजणं चुकतं."
तिसऱ्या रात्री त्यांनी एकच पेटी चारदा मोजली,
चार पेट्या म्हणून वर कळवलं.
एक जण बिस्किटाचा पुडा फाटेना म्हणून रडला,
दांडगा गडी, गुहागरकडचा.
एकाने वायरलेसवर स्वतःचंच नाव ऐकून
विचारलं, हा कोण?
"आणि पाय?"
"पाय आपले नसतात तवा. खालती कोनतरी चालत असतो,
आपन वरनं बगायचं."

वहीत रकाना नव्हता
खालती चालणाऱ्या कोणासाठी.

तरी लिहिलं. तासागणिक एक घट,
चढाला वेगळी, ओल्या मोज्यांना वेगळी,
घरून फोन न आलेल्या आठवड्याला
किंचितशी, पाचव्या दशांश स्थळी,
तपासणीत कुणाला दिसू नये अशी.

रात्री दोनला चालवून पाहिलं.
खाली होड्यांची डिझेल-धडधड, मासळी उतरवणाऱ्यांच्या हाका,
मधूनच बर्फाची लादी फुटल्याचा आवाज.
पडद्यावर एकावन्नाव्या तासाला निळे मंदावले.
मग तांबडेही. घट दोघांना सारखीच लावली होती,
वेगळी लावायचं सुचलंच नाही.
साठाव्या तासाला टेकडीच्या दोन्ही अंगांना
सगळे जागच्या जागी.
गोळ्या होत्या. हुकूम जात होते.
हुकूम पोचल्याची खूण उमटत होती
प्रत्येक चौकोनावर, टिचभर, हिरवी,
आणि कुणी हलत नव्हतं.
मी चहा करून आले. तसेच.
उजाडलं. तसेच.

ऑफिसने त्याला दोष म्हटलं, दोषाला क्रमांक दिला.
युद्ध संपत नाही, लिहिलं होतं, निकाल येत नाही.
क्षमतेला किमान मर्यादा घाला :
शून्य पूर्णांक चारच्या खाली माणूस जाऊ नये.
एका ओळीचं काम. घातली.
अकरा मिनिटांत टेकडी निळी झाली.

संध्याकाळी येलव्यांना सांगायला गेले.
शेवटच्या फेरीआधी ते बाकावर बसले होते.
"चार म्हंजे कितीतले?"
दहातले, म्हटलं.
"मंग लय झाले." थोडं थांबून,
"तो गुहागरचा हुता ना, तो…"
इथवर आले आणि झोपले.
डोळे अर्धे उघडे, टाचा जुळलेल्या.
मी वहीत वेळ टिपली : नऊ वाजून सात.

भोंगा वाजला.
वाजून संपायच्या आत ते उभे, दोर हातात,
फास खुंट्यावर, नेमका,
आणि माझ्याकडे न बघता, मघाच्याच स्वरात,
"…गडी बरा हुता."

फळी खाली आली. कलिंगडांचा एक टेम्पो चढला,
मग दोन रिक्षा.
नऊ वाजून सातच्या पुढे
मी अजून काही लिहिलेलं नाही.